प्रज्ञेचा शोध आणि जोपासना : सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरून एक दृष्टिक्षेप

आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान या चतुर्विध दानांत ज्ञानदानाची महती परंपरेने विशेष गाइली आहे. अन्न एका दिवसाची भूक भागवते, औषध एका व्याधीचे निवारण करते; ज्ञान मात्र घेणाऱ्याच्या आयुष्याला पुरून उरते आणि पुढच्या पिढीकडेही जाते. परंतु या दानात एक अडचण आहे. भुकेला माणूस ओळखू येतो, रोगीही ओळखू येतो. ज्ञानाची असामान्य भूक असलेले मूल मात्र सहजी ओळखू येत नाही. ते चारचौघांसारखेच दिसते. पुष्कळदा ते अबोल असते, कधी हट्टी असते, कधी शाळेला कंटाळलेले असते. त्याला कोणी ओळखले नाही, तर त्याची प्रज्ञा त्याच्याबरोबरच विरून जाते आणि समाजाला आपण काय गमावले याचा पत्ताही लागत नाही.

म्हणूनच प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणाचा इतिहास हा प्रामुख्याने त्यांना ओळखणाऱ्या डोळ्यांचा इतिहास आहे. मूल कोणी हेरले, कोणत्या कसोटीवर हेरले आणि हेरल्यानंतर त्याला पुढे कोणी नेले, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने हा इतिहास पाहिला, तर सिंधुदुर्गच्या किनाऱ्याने त्यात किती मोलाची भर घातली आहे हे ध्यानात येते. आणि आज या जिल्ह्यात कोणते काम शिल्लक आहे तेही स्पष्ट होते.

गुरूची पारख

शाळा आणि परीक्षा येण्यापूर्वी बुद्धिमान मूल ओळखण्याचे काम गुरूकडे असे. मराठीतील ‘एकपाठी’ हा शब्द त्या काळाची आठवण देतो. एकदा ऐकलेले ज्याच्या स्मरणात कायमचे राहते तो एकपाठी. थोर जैन तार्किक अकलंकदेव यांच्याविषयीची परंपरागत कथा सर्वपरिचित आहे. अकलंक एकपाठी आणि त्यांचे बंधू निकलंक द्विपाठी, असे ही कथा सांगते. बाराव्या शतकातील कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य यांचे चरित्रही असेच बोलके आहे. गुजरातमधील धंधुका येथे जन्मलेल्या चांगदेव नावाच्या बालकातील तेज देवचंद्रसूरींनी हेरले, त्याला आपल्यासोबत नेले आणि विद्याभ्यासाला लावले. व्याकरण, कोश, काव्य, न्याय आणि योग अशा अनेक क्षेत्रांत ग्रंथरचना करणारे हेमचंद्राचार्य या पारखीतून घडले.

या पद्धतीचे बळ असे की, गुरू मुलाला दीर्घकाळ जवळून पाहत असे. तासाभराच्या परीक्षेत जे दिसत नाही ते सहवासात दिसते. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. ज्या वाटेवरून गुरू गेला त्या वाटेवरचेच मूल त्याला दिसे. शिवाय जात, कुळ आणि लिंग यांच्या भिंती इतक्या उंच होत्या की, त्यांच्या पलीकडे डोकावण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

किनाऱ्यावरची तीन नावे

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात नव्या शिक्षणाची पहाट झाली, तेव्हा आजचा सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात नव्हता. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन तो निर्माण झाला. तत्पूर्वीच्या काळात या भूमीतील तीन माणसांची चरित्रे प्रज्ञेच्या शोधाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत.

पहिले नाव देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकर यांचे. त्यांचे जन्मवर्ष सामान्यतः १८१२ मानले जाते. घरी वडिलांपाशी संस्कृत आणि मराठीचा पाया पक्का झाल्यावर वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईस आले. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांचा आश्रय त्यांना लाभला. पुढची वाटचाल थक्क करणारी आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा ते विशीत होते. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांची साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेथे हे पद मिळालेले ते पहिले भारतीय होत. दादाभाई नौरोजी हे त्यांचे विद्यार्थी. गणित, ज्योतिष, भाषा आणि इतिहास या सर्वांत त्यांची गती होती. आपल्याच भागातील खारेपाटण येथे मिळालेला शिलाहार रट्टराजाचा शके ९३० चा ताम्रपट वाचून त्यांनी तो विद्वानांपुढे ठेवला. १८४६ मध्ये ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. पोंभुर्ल्यासारख्या आडगावातील हा मुलगा मुंबईस गेला नसता आणि तेथे त्याला बापू छत्रे भेटले नसते, तर मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ कोणाच्या नावे लिहिला गेला असता, हे सांगता येत नाही.

दुसरे नाव डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे. ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. मालवणात प्राथमिक शिक्षण झाले, तरी इंग्रजी शिक्षणाची सोय तेथे नव्हती. वडिलांची रत्नागिरीस बदली झाली आणि त्यामुळे रामकृष्णास तेथील इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. तेथून १८५३ मध्ये तो मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गेला. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती रानडे यांच्याबरोबर भांडारकरांचे नाव आहे. पुढे १८९३ ते १८९५ या काळात ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

जैन वाङ्मयाच्या अभ्यासकांना भांडारकरांचे ऋण विशेष वाटावे असे आहे. मुंबई इलाख्यात हस्तलिखितांचा शोध घेण्याचे काम सरकारने त्यांच्याकडे सोपविले होते. १८८० च्या दशकातील त्यांच्या अहवालांत जैन ग्रंथांचा आणि जैन मताचा साक्षेपी परामर्श घेतलेला आढळतो. ६ जुलै १९१७ रोजी त्यांच्या नावे पुण्यात प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले आणि सरकारी हस्तलिखित संग्रह तेथे आला. त्यात जैन हस्तलिखितांचा फार मोठा ठेवा आहे. हे सारे एका कारकुनाच्या बदलीवर अवलंबून होते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. ज्यांच्या वडिलांची बदली झाली नाही अशी मालवणातील आणखी किती मुले होती, याची नोंद कोठल्याही दप्तरात सापडणार नाही.

तिसरे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे. वेंगुर्ले तालुक्यातील केळूस हे त्यांचे गाव. जन्म १८६० चा. शिवचरित्रकार म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहेत. मात्र या लेखाच्या दृष्टीने ते एका वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचे ठरतात. मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक असताना ते संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत जात. तेथे एक शाळकरी मुलगा नित्य वाचनात गढलेला त्यांना दिसे. त्यांनी आपण होऊन त्याची विचारपूस केली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे त्याच्या सत्कारप्रसंगी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर थांबण्याची वेळ आली, तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे रदबदली करून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती त्यांनी मिळवून दिली. याच महाराजांच्या साहाय्याने १९१३ मध्ये आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

जांभेकर आणि भांडारकर हे हेरले गेलेले विद्यार्थी. केळुसकर हे हेरणारे शिक्षक. त्यांच्याजवळ ना सत्ता होती, ना संपत्ती. बागेत वाचत बसलेल्या मुलाकडे पाहण्याची दृष्टी आणि त्याच्यासाठी कोणाकडे शब्द टाकण्याची तयारी, एवढेच भांडवल होते. सिंधुदुर्गच्या भूमीने महाराष्ट्राला अनेक विद्वान दिले. परंतु असा पारखी शिक्षक दिला, ही तिची देणगी कदाचित सर्वांत मोठी म्हणावी लागेल.

बंद दारे

या उज्ज्वल नावांमागे बंद दारांचा इतिहासही आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आत्मचरित्रातील प्रसंग त्याचा निदर्शक आहे. दापोली तालुक्यातील मुरूडहून १८७५ च्या सुमारास सोबत्यांसह ते परीक्षेसाठी पायी साताऱ्यास निघाले. शंभर मैलांहून अधिक अंतर, मध्ये सह्याद्रीचा घाट. साताऱ्यास पोहोचल्यावर, मुलगा वयाने लहान दिसतो, एवढ्याच कारणासाठी परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांना बसू दिले नाही. कर्वे पुन्हा उभे राहिले. दुसऱ्या कितीजणांनी तेथूनच शाळेकडे पाठ फिरविली असेल! परीक्षा कितीही निःपक्षपाती असली, तरी तिच्या दारापर्यंत पोहोचणे ही पहिली परीक्षा असते आणि ती गरिबाच्या मुलासाठी सर्वांत कठीण असते.

आंबेडकरांना संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे शाळेत ते त्यांना शिकता आले नाही. मुलींच्या वाट्याला तर पारखले जाण्याची संधी क्वचितच आली. जांभेकर, भांडारकर, कर्वे ही एकाहून एक मोठी नावे घेताना त्याच घरांतील, त्याच बुद्धीच्या बहिणींची नावे कोणालाही ठाऊक नाहीत, ही जाणीव सुटता कामा नये.

शिष्यवृत्ती आणि वसतिगृह

व्यक्तीच्या पारखीला संस्थेचे रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे शिष्यवृत्ती. नाना शंकरशेट यांच्या नावे मुंबई विद्यापीठात संस्कृतसाठी ठेवलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हे मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांचे सर्वोच्च भूषण मानले जाई. रायगड जिल्ह्यातील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि या शिष्यवृत्तीचे मानकरी झाले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. ‘शंकरशेट स्कॉलर’ हे बिरुद त्या काळी घराण्याच्या प्रतिष्ठेचा विषय होते.

शिष्यवृत्तीने हुशार विद्यार्थ्याचा गौरव होतो. पण त्याला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले नाही, तर तो शिष्यवृत्तीपर्यंत पोहोचतच नाही. हे मर्म राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी त्यांच्या प्रोत्साहनाने वसतिगृहे उभी राहिली. त्यांत दिगंबर जैन बोर्डिंगही होते. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने शिक्षणप्रसार हेच आपले मुख्य कार्य मानले आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथील बोर्डिंगांच्या रूपाने ते पुढे नेले. मुंबईत १९१५ साली सुरू झालेल्या महावीर जैन विद्यालयानेही आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने हाच मार्ग धरला.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्यांपैकी एक विद्यार्थी शालेय परीक्षांच्या कसोटीवर मुळीच चमकला नाही. तो मॅट्रिकही होऊ शकला नाही. तो विद्यार्थी म्हणजे कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र देऊन खेड्यापाड्यांतील हजारो मुलांना शिक्षणाच्या प्रवाहात आणले. परीक्षेने ज्यांना नापास केले, त्यांनीच महाराष्ट्रातील बुद्धिमान मुलांसाठी सर्वांत मोठे दार उघडले. प्रज्ञा कशाला म्हणावे, या प्रश्नाचे सोपे उत्तर शोधणाऱ्यांनी हे उदाहरण नेहमी डोळ्यांपुढे ठेवावे.

बुद्धीचे मोजमाप

याच सुमारास पाश्चात्त्य देशांत बुद्धी मोजण्याचे शास्त्र आकार घेत होते. १८६९ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी प्रतिभा आनुवंशिक असते असा सिद्धान्त मांडला. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. या चाचणीचा मूळ हेतू हुशार मुले निवडण्याचा नव्हता. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना विशेष साहाय्य देता यावे, म्हणून ती तयार झाली होती. बुद्धी ही जन्मतः ठरलेली अढळ मात्रा आहे, हे बिने यांना मान्य नव्हते.

अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये या चाचणीची नवी आवृत्ती काढली. १९२१ पासून त्यांनी कॅलिफोर्नियातील उच्च बुद्ध्यंकाच्या दीड हजारांवर मुलांचा दीर्घ अभ्यास आरंभिला. यांतील अनेकजण पुढे यशस्वी झाले. मात्र या अभ्यासासाठी चाचणी घेऊन ज्यांना गुण कमी पडले म्हणून वगळण्यात आले, त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले होती. शॉकली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांत नोबेलविजेता एकही निघाला नाही.

मराठी मुलखात बिने चाचणीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. आपल्या मुलांची बुद्धी आपल्या भाषेत मोजण्याचा तो महत्त्वाचा टप्पा होता. पुढच्या काळात मानसशास्त्रज्ञांची दृष्टी अधिक विशाल झाली. जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये असे प्रतिपादन केले की, सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाचा ध्यास, या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे प्रज्ञा प्रकटते. केवळ गुणपत्रिका पाहून यांतील पहिल्या गोष्टीचाच काहीसा अंदाज येतो.

स्वातंत्र्योत्तर प्रयत्न

स्वातंत्र्यानंतर गुणवंतांचा शोध ही शासनाची जबाबदारी ठरली. महाराष्ट्रात चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेने खेड्यापाड्यांतील शाळांना एक ध्येय दिले. भाषा आणि गणिताबरोबर बुद्धिमत्ता चाचणी हा विषय तिच्यामुळेच घराघरांत पोहोचला. शिष्यवृत्तीधारकाचे नाव शाळेच्या फलकावर रंगविले जाई आणि वर्षानुवर्षे ते तेथे राही. पहाटे आणि सायंकाळी जादा तास घेऊन, एक पैसाही न घेता मुलांची तयारी करून घेणाऱ्या प्राथमिक शिक्षकांची एक पिढीच या परीक्षेने घडविली. २०१६-१७ मध्ये ही परीक्षा पाचवी आणि आठवी या इयत्तांना नेण्यात आली.

१९६० च्या दशकात ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांसाठी राज्य शासनाने निवासी विद्यानिकेतने काढली. साताऱ्यातील पुसेगाव, तसेच औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), अमरावती आणि धुळे येथील विद्यानिकेतनांनी अनेक कर्तबगार माणसे दिली. केंद्रीय स्तरावर १९६३ मध्ये विज्ञान प्रतिभाशोध परीक्षेस प्रारंभ झाला. पुढे तिचे रूपांतर राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेत झाले. ही योजना २०२१ नंतर स्थगित झाली. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी १९८१ पासून सुरू केलेली होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षाही विद्यार्थ्यांत लोकप्रिय झाली.

या सर्व परीक्षा निवड करतात. निवडलेल्या मुलाचे पुढे काय करावे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही. ते उत्तर शोधण्याचा ध्यास घेऊन डॉ. विनायक विश्वनाथ उर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. १९६९ मध्ये प्रबोधिनीची प्रशाला सुरू झाली. तेथे मानसशास्त्रीय चाचण्यांनी मुले निवडली जातात. परंतु निवड हे साध्य नव्हे, अशी आप्पांची धारणा होती. बुद्धिमान विद्यार्थ्याला समाजाच्या प्रश्नांचे दर्शन घडावे, खेड्यात जाऊन त्याने ते पाहावे आणि आपली बुद्धी त्यांच्या सोडवणुकीसाठी वापरावी, हा त्यांचा आग्रह होता. बुद्धी ही व्यक्तीची मालमत्ता नसून तिच्याकडे सोपविलेली ठेव आहे, हा या विचाराचा गाभा. विश्वस्त वृत्तीची शिकवण ज्यांच्या परंपरेत आहे, त्यांना तो परका वाटू नये.

मुंबईत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने दुसऱ्या दिशेने पाऊल टाकले. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास महापालिकेच्या शाळांतील मागासवर्गीय विद्यार्थ्यांमधून होतकरू मुले निवडली आणि शालान्त परीक्षेपर्यंत त्यांना नियमित मार्गदर्शन दिले. या मुलांच्या यशात लक्षणीय वाढ झाली. त्यांच्यात बुद्धीची उणीव नव्हती. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा, घरी अभ्यासाच्या वातावरणाचा अभाव आणि वेळेवर शंका विचारायला कोणी नसणे, या अडथळ्यांखाली ती दबली होती.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालयांची कल्पना साकारली. देशातील पहिली दोन विद्यालये १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे निघाली. सिंधुदुर्ग जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय सावंतवाडी तालुक्यातील सांगेली येथे आहे. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, मुलींसाठी एक-तृतीयांश जागा आणि निवास-भोजनाची विनामूल्य सोय, ही या योजनेची वैशिष्ट्ये. पोंभुर्ल्याच्या मुलाला तेराव्या वर्षी मुंबई गाठावी लागली. आज त्याच गावच्या मुलाला किंवा मुलीला जिल्ह्यातच ही वाट खुली आहे. दोन शतकांतला हा बदल लहान नाही. मात्र एका तुकडीत अधिकाधिक ८० जागा, एवढीच ती वाट रुंद आहे.

निकालाच्या टक्केवारीपलीकडे

२०१२ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ झाले. तेव्हापासून दहावी आणि बारावीच्या निकालात हा विभाग सातत्याने राज्यात अग्रेसर राहिला आहे. शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांच्या कष्टांचे हे फळ आहे आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि उत्तीर्णांची टक्केवारी आणि प्रज्ञेची जोपासना या दोन भिन्न गोष्टी आहेत. सगळेच उत्तीर्ण होतात तेथे बहुतेकांना जमते तेवढे शिकविले गेले, एवढे निश्चित कळते. ज्याला त्याहून कितीतरी अधिक हवे होते त्याला ते मिळाले की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही. वर्गातील धडा पहिल्या दहा मिनिटांत समजलेला मुलगा उरलेला तास खिडकीबाहेर पाहत बसतो. तो नापास होत नाही, त्यामुळे त्याची काळजी कोणी करत नाही.

दुसरीकडे, या किनाऱ्यावर परीक्षेत न मावणारी प्रज्ञाही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ क्षणात सांगणारे, पाण्याच्या रंगावरून आणि वाऱ्यावरून मासळीचा अदमास बांधणारे, रापणीचे वाटे तोंडी हिशेबाने बिनचूक करणारे मच्छीमारांचे मूल गणिताच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेले असू शकते. लिखित संहितेवाचून रात्रभर संवाद रचणारा दशावतारी कलावंत तर्क, स्मरण आणि भाषा या तिन्ही शक्तींचा एकाच वेळी कस लावतो. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी परंपरा चित्र, गायन आणि कथन एकत्र गुंफते. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांचा २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरव झाला. अशा घरांतील मुलांची बुद्धी शाळेच्या फलकावर का येत नाही, हा प्रश्न मुलांना विचारण्याऐवजी फलक रंगविणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

वाडीवस्तीवरील अनेक शाळांची पटसंख्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. मुंबई, पुणे आणि गोव्याकडे जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात. लहान शाळेचा एक लाभ असतो : शिक्षक प्रत्येक मुलाला जवळून ओळखतो, जुन्या गुरूला मिळणारा दीर्घ सहवास तेथे सहज लाभतो. तिची हानी अशी की, बुद्धिमान मुलाला तोलामोलाचा सोबती मिळत नाही. तुल्यबळ मित्राशी वाद घातल्यावाचून बुद्धीला धार येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष प्रज्ञा असलेल्या विद्यार्थ्यांना प्रोत्साहन देण्याचा उल्लेख केला आहे. धोरणातील वाक्य वाडीवरच्या शाळेपर्यंत पोहोचायला मात्र माणसे लागतात.

समाजसंस्थांचे कर्तव्य

या इतिहासातून स्थानिक विश्वस्त संस्थांनी घ्यावा असा बोध स्पष्ट आहे. गुणवंतांचा सत्कार, प्रशस्तिपत्र आणि शालेय साहित्याचे वाटप हे उपक्रम सर्वत्र होतात आणि ते स्वागतार्ह आहेत. परंतु ज्याने यश मिळविले त्याचा सत्कार करणे सोपे असते. ज्याचे यश अजून कोणाला दिसलेले नाही त्याला शोधणे, हे केळुसकरांनी केलेले काम आहे.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज आहे असे नाही. तालुक्यातील शिक्षकांना वर्षातून एकदा बोलावून, परीक्षेत नव्हे पण प्रश्न विचारण्यात ज्याचा पहिला क्रमांक आहे असे मूल कोणते, एवढे विचारले तरी एक वेगळीच यादी तयार होईल. संध्याकाळी उघडी असणारी अभ्यासिका, सुटीत निरनिराळ्या गावांतील अशा मुलांना आठ दिवस एकत्र आणणारे शिबिर, नवोदय आणि शिष्यवृत्ती परीक्षांची माहिती वेळेवर घरापर्यंत पोहोचविणे, परगावी शिकायला जाणाऱ्या मुलीच्या निवासाची हमी घेणे, शिकून मिळवते झालेल्यांनी पुढच्यांसाठी परतफेड करावी अशी कर्जाऊ शिष्यवृत्ती : यांतील प्रत्येक गोष्ट कोठे ना कोठे कोणी तरी करून दाखविलेली आहे. ती करताना मूल कोणत्या समाजाचे, कोणत्या घरचे, हा विचार आड येता कामा नये. जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊरावांनी रयतेच्या सर्व मुलांसाठी दार उघडले. केळूसच्या शिक्षकाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाच्या हाती पुस्तक दिले. या दोन्ही कृतींत ज्ञानदानाचे खरे स्वरूप प्रकट झाले आहे.

मालवणच्या बंदरावर, देवगडच्या कातळावर किंवा वेंगुर्ल्याच्या एखाद्या वाडीत आजही एखादे मूल मिळेल ते पुस्तक वाचत बसले असेल. त्याच्या वडिलांची बदली होईल आणि त्याचे भाग्य उजळेल, या भरवशावर समाजाने बसून राहू नये. त्याच्याजवळ जाऊन ‘बाळा, काय वाचतोस?’ एवढे विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असावा, हा संकल्प सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी सर्वांनी करावा आणि तो शेवटास नेण्याचे बळ सर्वांस लाभो, ही सदिच्छा.